नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, भातकापणी झाली की आपल्या वीर परिसरातली मुलं रिकाम्या खाचरांत खेळायला उतरतात. हॅटट्रिक म्हटलं की त्यांना तीन विकेटच आठवतात. त्यांना एकदा नेव्हिल डिसोझांची गोष्ट सांगा. आपल्या स्टेशनावरून गोव्याकडे गाड्या धावतात ना, त्याच गोव्याचं हे घराणं.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. फुटबॉल बहरला मुंबईत. तेव्हा मुंबईत कंपन्यांचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला तिथेच नोकरी मिळे. नेव्हिल आधी टाटांकडून खेळले, पुढे कॅल्टेक्सकडून. कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप रंगायचा. ‘खेळून पोट भरतं का?’ असं विचारणाऱ्या पालकांनी हा काळ जरूर लक्षात घ्यावा.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मुळात शाळामास्तर! (आपल्याच बिरादरीतले, म्हणून मुद्दाम सांगतोय.) कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. आघाडीला नेव्हिल.

आता जरा थांबा आणि नकाशा काढा. १९५६ साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वर्षभरापूर्वीच, ऑगस्ट १९५५ मध्ये, हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. ज्यांचं मूळ गाव भारताच्या नकाशात नव्हतं, तो माणूस भारताच्या जर्सीत खेळत होता. इतिहासाच्या तासाला मुक्तिसंग्राम शिकवताना हे नाव का येत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला समोर यजमान ऑस्ट्रेलिया, त्यांच्याच मैदानावर. नेव्हिलनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली, यांनी दुसरा मारला. पुन्हा बरोबरी. उत्तरार्ध सुरू झाला आणि लगेच तिसरा! चौथा गोल किट्टू यांचा. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू.

उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. आणि पहिला गोल कोणाचा? नेव्हिलचाच. काही क्षण भारत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता. मग एकामागून एक चार गोल बसले, ४-१. कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाकडून ३-० अशी हार झाली. आपण चौथे आलो. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारत त्याच्या वर कधी गेलेला नाही. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत संयुक्तपणे पहिले होते. म्हणजे संघ पदकाविना परतला, पण त्या यादीत आपला माणूस वरच होता.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. नेव्हिल १७ मार्च १९८० रोजी गेले, वय अवघं ४७. त्यांचे भाऊ डेरेक हेही भारताकडून खेळले होते.

उद्या परिपाठाला एवढंच करून बघा. मुलांना विचारा, चौथ्या आलेल्या संघाची नावं आपण का विसरतो? माझ्या वर्गातली उत्तरं मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या मुलांची कमेंटमध्ये लिहा.