जॉन स्टुअर्ट मिल

गेल्या सत्रांत आमच्या वक्तृत्वमंडळांत एका विषयावर मोठी कडाक्याची चर्चा झाली. वसतिगृहाच्या अधीक्षकांस मुलांचे मोबाईल उघडून पाहण्याचा अधिकार असावा कीं नसावा, हा तो विषय होय. आम्ही स्वतः लहानपणीं एका बोर्डिंगांत राहिलों आहों. तेथें घरून आलेलें प्रत्येक पत्र आधीं फोडून वाचलें जाई व मग मुलाच्या हातीं पडे. आईच्या अक्षरांवरून परक्याची नजर फिरून गेली आहे हें ठाऊक असतां तें पत्र वाचतांना मनास काय वाटतें, हें आम्ही अद्यापि विसरलों नाहीं. पुढें कांहीं वर्षें एका बोर्डिंगची देखरेख आमच्याकडेच आली, तेव्हां मात्र आम्हींही मुलांचीं पत्रें फोडिलीं. असो. त्या चर्चेंत एका विद्यार्थ्यानें मिल या ग्रंथकाराचें नांव घेतलें, व दुसऱ्यानें हा मिल कोण असें विचारिलें. त्याचें उत्तर चार शब्दांत देतां येईना, म्हणून हा लेख.

मिल यांचा जन्म ता. २० मे १८०६ रोजीं लंडन येथें झाला. नऊ भावंडांत ते थोरले. त्यांचे पिते जेम्स मिल हे स्कॉटलंडांतील एका जोडे शिवणाऱ्याचे पुत्र. धर्मोपदेशकाचा परवाना मिळवून पुढें ती श्रद्धाच टाकून दिलेले, करारी, कष्टाळू व बोलण्यांत कडक असे गृहस्थ. ज्या वर्षीं हा मुलगा जन्मला त्याच वर्षीं त्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिण्यास आरंभ केला, व तो पुरा करण्यास त्यांस दहा वर्षांहून अधिक काळ लागला. ज्या देशाचा इतिहास लिहिला तो देश त्यांनीं कधीं पाहिला नाहीं, व तेथील एकही भाषा त्यांस येत नव्हती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ज्या टेबलावर हा इतिहास लिहिला जाई त्याच टेबलाशीं बसून मुलगा ग्रीक शिके. आरंभ केला तेव्हां वय वर्षें तीन! त्या काळच्या कोशांत ग्रीक शब्दांचे अर्थ लॅटिन भाषेंत दिलेले असत, आणि लॅटिन तर अजून सुरूच झालें नव्हतें. म्हणून अडलेला प्रत्येक शब्द बापास विचारावा लागे. एरव्हीं क्षणाचाही व्यत्यय न सोसणाऱ्या त्या मनुष्यानें हा त्रास वर्षानुवर्षें सोसला. आठव्या वर्षीं लॅटिन आलें, व त्याबरोबर धाकट्या भावंडांस शिकविण्याचें कामही आलें. त्यांचें चुकलें तर बोलणीं यानें खावयाचीं. सकाळीं न्याहारीपूर्वीं बापलेक फिरावयास जात, व आदल्या दिवशीं वाचलेल्या ग्रंथाचा वृत्तांत मुलगा चिठोऱ्यांवरील टिपणांच्या आधारें सांगे. बाराव्या वर्षीं तर्कशास्त्र, तेराव्या वर्षीं अर्थशास्त्र. शाळा नाहीं, सुटी नाहीं, सवंगडी नाहीं. हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस त्या मुलाची कींव येईल, व त्यांच्या कांहीं पालकांस हेवा वाटेल. चौदाव्या वर्षीं फ्रान्सास निघण्यापूर्वीं बापानें त्यास हाइड पार्कांत फिरावयास नेलें व प्रथमच सांगितलें कीं, आपणांस इतरांहून पुष्कळ अधिक येतें असें तुला आतां आढळून येईल, परंतु त्यांत तुझी थोरवी कांहीं नाहीं. शिकविण्यास वेळ देणारा बाप लाभला एवढेंच.

एवढ्या शिक्षणाचें फळ काय? विसाव्या वर्षीं, म्हणजे १८२६ सालीं, या तरुणानें एके दिवशीं आपल्या मनास विचारलें कीं, ज्या ज्या सुधारणा व्हाव्या म्हणून आपण झटत आहों त्या सर्व या घटकेस झाल्या तर आपण सुखी होऊं काय? मनानें स्पष्ट नाहीं म्हणून सांगितलें. त्यानंतर कित्येक महिने त्यानें यंत्रासारखे काढिले. अखेर मार्मोंतेल नांवाच्या एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना, बाप वारल्यावर घराचा भार उचलणाऱ्या लहान मुलाचा प्रसंग आला, व याच्या डोळ्यांतून पाणी आलें. आपण अगदींच दगड झालों नाहीं हें तेव्हां त्यास कळलें. पुढें वर्ड्स्वर्थच्या कवितेनें राहिलेलें काम केलें. बुद्धीबरोबर हृदयासही खुराक लागतो हें ज्यास कोणी शिकविलें नव्हतें, तें तो असें आपलें आपण शिकला.

पोट भरण्याचें साधन म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी. १८२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, मिल वडिलांच्याच हाताखालीं कारकून म्हणून लागले, व १८५८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, तेथेंच राहिले. हिंदुस्थानांतील संस्थानांशीं चालणाऱ्या व्यवहाराचे खलिते लंडनांत तयार करणें हें त्यांचें मुख्य काम होतें. पित्याप्रमाणें त्यांनींही हा देश कधीं पाहिला नाहीं. कंपनीचें राज्य जाऊं लागलें तेव्हां तें राहावें म्हणून पार्लमेंटास केलेला अर्ज त्यांच्याच लेखणीचा. कचेरीच्या कामांतून उरलेल्या वेळांत त्यांनीं तर्कशास्त्रावर (१८४३) व अर्थशास्त्रावर (१८४८) मोठे ग्रंथ लिहिले.

या काळांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कार्लाइल यानें फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचें हस्तलिखित मिल यांस वाचावयास दिलें होतें. १८३५ च्या मार्चांत एका मोलकरणीनें तें रद्दी समजून विस्तवांत घातलें. दुसरी प्रत नव्हती. मिल पांढरेफटक होऊन कार्लाइलच्या दारीं गेले व स्वतः सर्व सांगितलें. इतके कीं, ज्याचें नुकसान झालें त्यासच यांचें सांत्वन करावें लागलें. भरपाईदाखल त्यांनीं दोनशें पौंड पुढें केले, त्यांतील शंभर कार्लाइलनें घेतले व तो भाग पुन्हां लिहून काढिला. ग्रंथ १८३७ सालीं निघाला, तेव्हां त्याची जाहीर स्तुति करण्यांत मिल अग्रभागीं होते.

१८३० सालीं मिल यांची हॅरिएट टेलर या विवाहित बाईंशीं ओळख झाली. दोघांचा स्नेह बुद्धीचा व अत्यंत निकटचा होता. तिच्या पतीच्या मृत्यूनंतर १८५१ सालीं त्यांनीं विवाह केला, परंतु मधल्या वीस वर्षांत लंडनच्या दिवाणखान्यांतून या स्नेहाविषयीं जी कुजबूज चालली तिनें मिल यांस समाजांतून जवळजवळ उठविलें. ज्या लेखकानें पुढें मनुष्याच्या खाजगी आयुष्याभोंवतीं रेघ ओढिली, त्यानें त्या रेघेच्या अभावीं काय होतें तें आधीं भोगिलें होतें. विवाहाच्या वेळीं त्यांनीं एक लेख करून ठेविला: पत्नीच्या शरीरावर, धनावर व वागणुकीवर कायदा नवऱ्यास जे हक्क देतो ते आपणांस मान्य नाहींत व आपण ते कधीं वापरणार नाहीं. १८५८ सालीं प्रवासांत आव्हीन्यों येथें ती वारली. मिल यांनीं तेथेंच तिच्या थडग्याजवळ घर विकत घेतलें, आणि दोघांनीं मिळून पुनःपुन्हां तपासलेला ‘ऑन लिबर्टी’ हा लहानसा ग्रंथ १८५९ च्या आरंभीं तिला अर्पण करून प्रसिद्ध केला.

या ग्रंथाचें म्हणणें थोडक्यांत असें. समाजानें एखाद्या मनुष्यावर जबरदस्ती करण्यास एकच कारण पुरेसें आहे, तें म्हणजे इतरांस होणारी इजा टाळणें. त्याचें स्वतःचें कल्याण हें पुरेसें कारण नव्हे. त्याची समजूत घालावी, विनवावें, वाद घालावा. परंतु शिक्षा करूं नये. आणि ही जबरदस्ती केवळ सरकारच करतें असें नाहीं. चार लोक काय म्हणतील, हा जो आमच्याकडील धाक, तोच मिल यांस कायद्याहून भयंकर वाटे. कारण कायदा दारापर्यंत येतो, हा माजघरांत शिरतो. उदाहरणांसाठीं ते दूर गेले नाहींत. १८५७ सालींच कॉर्नवॉलमधील एका मनुष्यास फाटकावर ख्रिस्ती धर्माविषयीं अपशब्द लिहिल्याबद्दल एकवीस महिन्यांची शिक्षा झाली होती. एक टीप मुंबईच्या पारशी लोकांविषयीं आहे. हिंदु राजांनीं आश्रय देतांना घातलेली गोमांस न खाण्याची अट, व पुढें मुसलमानी अमलांत आलेली डुकराचें मांस न खाण्याची अट, या दोन्ही कालांतरानें त्यांचा स्वभावच कशा बनून गेल्या, असें तेथें दाखविलें आहे.

दुसरी एक टीप आम्हांस अधिक झोंबणारी आहे. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्लंडांतील कांहीं धर्मनिष्ठ पुढाऱ्यांनीं असें तत्त्व मांडिलें कीं, ज्या शाळेंत बायबल शिकविलें जात नाहीं तिला हिंदुस्थानांत सरकारी पैसा मिळूं नये. मिल म्हणतात कीं, याचा अर्थ खऱ्या किंवा ढोंगी ख्रिस्त्यांवांचून कोणास सरकारी चाकरीही मिळूं नये असाच होतो. आम्ही ख्रिस्ती आहों व मिशनच्या शाळेंत शिकवितों. मिल आमच्या धर्माचे नव्हते, आणि त्यांच्या या ग्रंथांत आमच्या धर्मावर कठोर वाक्यें आहेत. तथापि या बाबतींत ते बरोबर होते व आमचे ते वडीलधारे चुकत होते, असें आम्हांस वाटतें. नोकरीच्या आशेनें म्हटलेली प्रार्थना कोणाच्या उपयोगाची? आज भारताच्या संविधानाचा २८ वा अनुच्छेद सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंतही कोणास त्याच्या किंवा पालकाच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविण्याची मनाई करितो.

मिल यांची मोठी चूक मात्र त्याच ग्रंथाच्या आरंभीं आहे. हें स्वातंत्र्य प्रौढांसाठीं, मुलांसाठीं नव्हे, असें सांगून त्यांनीं मागासलेल्या समाजांसही मुलांच्याच पंक्तीस बसविलें. त्यांच्यासाठीं एखादा अकबर लाभला तर तेवढेंच भाग्य! पस्तीस वर्षें ज्या लोकांच्या कारभारावर जगलें त्यांचें वय ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न एवढ्या चिकित्सक पुरुषास पडला नाहीं. मुलांविषयीं त्यांचा अपवाद आमच्या वसतिगृहवाल्यांस सोयीचा आहे खरा. परंतु पुढें ते असेंही म्हणतात कीं, मनुष्याचें सारें बाळपण समाजाच्या हातीं होतें. तेवढ्यांत जर तो स्वतःस आवरावयास शिकला नाहीं, तर दोष समाजानें आपणांकडे घ्यावा. पत्रें फोडणाऱ्या आम्हांस हें वाक्य पुष्कळ उशिरा भेटलें.

१८६५ सालीं वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनीं त्यांस पार्लमेंटांत येण्याची गळ घातली. मी पैसा खर्चणार नाहीं व मतें मागत हिंडणार नाहीं, असें त्यांनीं आधींच कळविलें. एका सभेंत, बहुतेक कामकऱ्यांपुढें, त्यांच्याच पुस्तकांतील वचन काढून विचारण्यांत आलें कीं, इंग्लंडचे कामकरी बहुधा खोटें बोलणारे असतात असें आपण लिहिलें आहे काय? मिल यांनीं तत्काळ होय म्हटलें. क्षणभर सभा स्तब्ध झाली, व मग टाळ्यांचा कडकडाट झाला. ते निवडून आले. १८६७ सालीं मताधिकाराच्या कायद्यांत पुरुष या शब्दाऐवजीं व्यक्ति हा शब्द घालावा, म्हणजे स्त्रियांसही मत मिळेल, अशी त्यांनीं सूचना आणिली. तिला ७३ मतें अनुकूल व १९६ प्रतिकूल पडलीं. पुढल्याच निवडणुकींत ते पडले. तरी बोलणें थांबलें नाहीं. लष्करी ठाण्यांच्या गांवीं केवळ संशयावरून पोलिसांनीं स्त्रियांस धरून त्यांची सक्तीची वैद्यकीय तपासणी करावी, असा एक कायदा होता. त्याविरुद्ध त्यांनीं १८७१ सालीं शाही चौकशीमंडळापुढें साक्ष दिली. १८८६ सालीं तो रद्द झाला.

आश्चर्य असें कीं, हेच मिल गुप्त मतदानाचे विरोधी होते. मत ही खाजगी मालमत्ता नव्हे, ती दुसऱ्यांची ठेव आहे. म्हणून तें सर्वांच्या देखत द्यावें, असा त्यांचा आग्रह. जमीनदाराच्या देखत मत देणाऱ्या कुळाची अवस्था त्यांनीं पुरती ओळखली नव्हती, असें आम्हांस वाटतें. पार्लमेंटानें १८७२ सालीं गुप्त मतदानाचाच कायदा केला.

हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री राहिलेले व १८७२ चा पुराव्याचा कायदा रचणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं परततांना जहाजावरच मिल यांच्या मतावर टीकालेख लिहिण्यास आरंभ केला, व ते १८७३ सालीं ग्रंथरूपानें निघाले. नीति राखण्यासाठीं समाजानें सक्ति केलीच पाहिजे, ही त्यांची बाजू. मिल यांस उत्तर देण्यास अवधि मिळाला नाहीं. त्या मे महिन्याच्या आरंभीं फाब्र या कीटकशास्त्रज्ञ मित्राबरोबर वनस्पति शोधीत ते कित्येक मैल चालले, आणि ता. ७ रोजीं आव्हीन्यों येथें वारले. पत्नीशेजारीं त्यांस ठेविलें.

वाद मात्र वारला नाहीं. आमच्याकडे आगरकर मिल व स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचूनच लेखणी परजीत होते. इंग्लंडांत १९५७ सालीं वुल्फेंडन यांच्या समितीनें खाजगी नीति हा कायद्याचा प्रांत नव्हे असें म्हणतांच न्यायमूर्ति डेव्हलिन यांनीं स्टीफनची बाजू घेतली, व ऑक्सफर्डचे हार्ट यांनीं मिल यांची. ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालपत्रांतही मिल यांच्या या लहान पुस्तकाचा उल्लेख आहे.

आमच्या मंडळांत चर्चा संपून मतें घेण्याची वेळ आली, तेव्हां मुलांनीं हात वर करण्याचें साफ नाकारून चिठ्ठ्यांचा आग्रह धरिला. मिल यांस तें रुचलें नसतें. अध्यक्षांनीं तें मान्य केलें, व शिक्षकांसही एकेक चिठ्ठी देण्यांत आली. त्यामुळें आमचें मत कोणत्या बाजूस पडलें हें आम्हांस येथें सांगावें लागत नाहीं.