गिरणीचा भोंगा आणि १२ सेकंदांचं गणित : विवेकानंदांनी सैरभैर मन कसं आवरलं?

स्वामी विवेकानंद म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो भगवा फेटा, हाताची घडी आणि स्थिर नजर. पण एकविसाव्या वर्षी याच माणसाच्या डोक्यात विचारांनी थैमान घातलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्का ओव्हरथिंकर.

१२ जानेवारी १८६३ ला कलकत्त्यात जन्मलेला नरेंद्रनाथ दत्त वकिलाच्या खात्यापित्या घरातला मुलगा. कॉलेजात तर्कशास्त्र आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचलेला. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करायची नाही, हा स्वभाव. देव आहे असं कुणी म्हटलं की हा विचारायचा, तुम्ही पाहिलाय का?

फेब्रुवारी १८८४ मध्ये वडील अचानक गेले आणि सगळंच फिरलं. घरावर कर्ज निघालं, नातेवाईक घराच्या वाट्यासाठी कोर्टात गेले. नोकरीसाठी नरेंद्र उपाशीपोटी, अनवाणी कलकत्ता पालथा घालत होता. आई आणि भावंडांचं पोट कसं भरायचं आणि देव असेल तर हे असं का, हे दोन प्रश्न एकाच वेळी डोकं पोखरत होते.

भोंगा वाजतोय? मग भोंग्यावरच लक्ष दे

याच काळात त्याचं दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंसांकडे जाणं-येणं होतं. तो ध्यान शिकत होता, पण जमत नव्हतं. पहाटे बसलं की जवळच्या तागाच्या गिरणीचा भोंगा वाजायचा आणि मन उडायचं. त्याने तक्रार केली. रामकृष्णांनी सांगितलं, मग त्या भोंग्याच्या आवाजावरच लक्ष लाव.

शरीराचा विसर पडत नाही, ही त्याची दुसरी तक्रार. त्यावर रामकृष्णांनी दोन भुवयांच्या मध्ये नख रुतवलं आणि त्या दुखण्यावर मन ठेवायला लावलं.

दोन्हींमागची युक्ती एकच. मनाला ‘विचार करू नको’ म्हटलं की ते दुप्पट विचार करतं. त्याऐवजी धरायला एक वस्तू दिली, तर ते थोडा वेळ तरी तिथे टिकतं. जो आवाज त्रास देत होता, तोच खुंटा झाला.

योगी शोधायला गाझीपूर

१८८६ मध्ये रामकृष्ण गेले. गुरुबंधूंसोबत बारानगरच्या पडक्या घरात काही काळ काढून नरेंद्रनाथ भारतभर फिरू लागले. १८९० मध्ये ते गाझीपूरला पवहारी बाबांकडे योग शिकायला पोचले. बाबा जमिनीखालच्या गुहेत राहायचे, क्वचितच कुणाला भेटायचे. नरेंद्रनाथांना तेव्हा कंबरदुखीनेही बेजार केलं होतं. पण बाबांकडून दीक्षा घ्यायचं ठरवलं की रात्री रामकृष्ण समोर उभे दिसायचे. असं अनेक रात्री झालं आणि त्यांनी तो विचार सोडला.

१८९२ मध्ये फिरत फिरत ते बेळगावला आले. तिथले वन अधिकारी हरिपद मित्र यांना त्यांनी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधली पानंच्या पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. पुस्तक त्यांनी दोनदाच वाचलं होतं. मित्र थक्क झाले. विवेकानंद मात्र याला चमत्कार मानत नव्हते. संयम आणि एकाग्रतेच्या सरावाचं ते फळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

१२ सेकंदांचं गणित

सप्टेंबर १८९३ चं शिकागोचं भाषण सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी घेतलेल्या योगाच्या वर्गांबद्दल कमी बोललं जातं. त्या व्याख्यानांतून १८९६ मध्ये ‘राजयोग’ हे पुस्तक आलं. सोबत पतंजलींच्या योगसूत्रांचा अनुवाद आणि विवरण होतं. पुढे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीही आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला.

पुस्तकातली सुरुवातीची पायरी साधी आहे. पाठ, मान, डोकं सरळ ठेवून बसायचं आणि मनाला पळू द्यायचं. अडवायचं नाही, फक्त पाहायचं. पहिल्यांदा विचारांचा लोंढा येतो. आपल्या डोक्यात एवढा कचरा आहे हे बघून धक्काही बसतो. पण रोज बसलं की हळूहळू गर्दी ओसरते. याला काही महिने लागतात.

मग येतं गणित. मन एका ठिकाणी १२ सेकंद टिकलं तर ती धारणा. अशा १२ धारणा, म्हणजे १४४ सेकंद, झाल्या की ध्यान. अशी १२ ध्यानं झाली की समाधी, म्हणजे जेमतेम २९ मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा १२ सेकंद फक्त श्वासाकडे लक्ष ठेवून पाहा, पहिली पायरी किती उंच आहे ते कळेल.

विवेकानंदांनी दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगितल्या. योगाच्या नावाखाली कुणी गूढ, गुप्त काही विकत असेल तर ते सरळ नाकारा. आणि शरीर आजारी असेल किंवा मन फार दुःखी असेल, तेव्हा हा सराव करू नका.

म्हणजे सगळं सुरळीत झालं का?

नाही. १८९७ मध्ये परत येऊन त्यांनी रामकृष्ण मिशन उभं केलं, पण शरीर साथ देत नव्हतं. दमा, मधुमेह आणि झोप न लागण्याचा त्रास होताच. एकाग्रतेने हे आजार बरे झाले नाहीत. बदललं ते एवढंच, की आजारपणातही मन कामावर लावता येत होतं.

४ जुलै १९०२ ला बेलूर मठात त्यांनी सकाळी जवळपास तीन तास ध्यान केलं, दुपारी ब्रह्मचाऱ्यांना संस्कृत व्याकरण शिकवलं, संध्याकाळी फिरून आले आणि पुन्हा ध्यानाला बसले. त्याच रात्री ते गेले. वय होतं ३९.

कधीकाळी भोंग्याने ज्याचं ध्यान मोडायचं, त्या मुलाने इथवर मजल मारली होती. तीही १२-१२ सेकंदांनी.