प्रोफेसर केळफा

फाळके हे आडनाव उलटे वाचले की केळफा होते. प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग करणारे गृहस्थ म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. त्यांच्या चरित्रात ही जादू सहसा एका ओळीत आटोपली जाते. वास्तविक डोळ्यांना चकवण्याची विद्या ते विद्यार्थिदशेपासून शिकत आले होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेच्या जोडीला छायाचित्रण शिकले. प्रा. गज्जर यांनी तेथील स्टुडिओ व प्रयोगशाळा या होतकरू विद्यार्थ्यासाठी खुली केली. हलत्या चित्रांची ओढ तेव्हा एकट्या बडोद्यातच होती असे नव्हे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्यापुढे झपाट्याने बदलत आणि पडद्यावरची पात्रे हालचाल करीत असल्याचा भास होई.

फाळके यांनी गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. त्यानंतर एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखी आत्मसात केली.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना झपाटल्यासारखे झाले. रोज तासन् तास पडद्याकडे पाहणे, उरलेल्या वेळात भिंग व मेणबत्ती घेऊन प्रयोग करणे, झोप जेमतेम. परिणामी डोळे सुजले आणि दृष्टी गेली. ज्या इंद्रियाला फसवायचे, तेच निकामी होण्याची वेळ आली होती. डॉक्टरांच्या उपचारांनी व चष्म्यांनी ती कशीबशी परतली.

१९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले. हा चमत्कार पाहूनच भांडवल मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘कालियामर्दन’च्या (१९१९) आरंभी फाळके यांची कन्या मंदाकिनी आधी स्वतःच्या रूपात दिसते, चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. युक्ती अशी उघड करूनही प्रेक्षक रमले. बोलपटांच्या जमान्यात मात्र फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.