नाण्यांतून राजवंश वाचणारा पंडित

चांदीचे एक इवलेसे नाणे. वजन जेमतेम दोन ग्रॅम, आकार शर्टाच्या बटणाएवढा. एका बाजूला टोपी घातलेल्या, मिशाळ राजाचा चेहरा आणि त्याच्या डोक्यामागे झिजलेल्या दोन-तीन खुणा. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य, खाली नदीची नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी अक्षरे. सराफाच्या लेखी त्याची किंमत वजनापुरतीच. मात्र एकोणिसाव्या शतकातील मुंबईत एक माणूस अशा नाण्यांपुढे तासन् तास बसत असे आणि डोक्यामागच्या त्या खुणांतून तीन शतकांचा हरवलेला इतिहास जुळवत असे. त्यांचे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी जुनागढला, नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचे शिक्षण घरच्या परंपरेने झाले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही आणि इंग्रजीवर त्यांची हुकमत कधीच नव्हती. पण त्यांच्या गावाला गिरनार होता. गिरनारच्या पायथ्याशी एकाच शिळेवर अशोक, महाक्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तीन काळांचे लेख आहेत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले होते. त्या अक्षरांचा तक्ता हाती आल्यावर या मुलाने शिळेसमोर बसून जुनी लिपी आत्मसात केली.

ही कीर्ती मुंबईपर्यंत पोहोचली. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या काळातील नामांकित वैद्य आणि तितकेच नामांकित पुराणवस्तू संशोधक. आपल्या संशोधनासाठी त्यांना अचूक ठसे घेणारा, डोळस सहायक हवा होता. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी भगवानलालना मुंबईस बोलावून घेतले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे या तरुणाने अजिंठा, नाशिक, कार्ले, भाजे येथील लेणी पालथी घातली, उत्तर हिंदुस्थान आणि नेपाळचा प्रवास केला. वाटेत मिळतील ती नाणी ते जमवत गेले. १८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले आणि भगवानलाल यांचा आधार तुटला. काम मात्र थांबले नाही. ते गुजरातीत लिहीत, आणि ग्यॉर्ग ब्यूलर यांच्यासारखे विद्वान ते इंग्रजीत आणत.

त्यांच्या नाणेविषयक कामाचे मोल समजण्यासाठी त्या काळची अडचण समजून घ्यायला हवी. काठेवाड, गुजरात, माळवा येथे क्षत्रपांची चांदीची नाणी पुष्कळ सापडत. परंतु अभ्यासक त्या राजांना साह घराण्याचे राजे म्हणत. असे कोणतेही घराणे नव्हतेच! राजांच्या नावाचा शेवट सीह, म्हणजे सिंह असा होता. नाण्याच्या कडेच्या आत अक्षरे बसवताना ठसा कोरणारा कारागीर ओळीच्या वर येणारी वेलांटी गाळत असे, किंवा ठसा मोठा व चकती लहान असल्याने ती नाण्याबाहेर जाई. उरे ते केवळ साह. कारागिराच्या एका गाळलेल्या वेलांटीने इतिहासात एक काल्पनिक राजवंश उभा राहिला होता. अधिक चांगल्या नाण्यांच्या वाचनातून ही चूक दूर झाली, आणि त्या दुरुस्तीची मीमांसा भगवानलाल यांच्या गुजरातच्या प्राचीन इतिहासात वाचायला मिळते.

या नाण्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांवर केवळ राजाचे नाव नसते. अमुक राजाच्या पुत्राचे, अमुक राजाचे हे नाणे, असा मजकूर असतो. दोघांचीही पदवी क्षत्रप की महाक्षत्रप, हेही त्यात येते. शिवाय इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चेहऱ्यामागे शकवर्ष येऊ लागते. ते वाचणे सोपे नव्हते. आजच्यासारखी स्थानमूल्याची पद्धत तेव्हा नाण्यांवर नव्हती. शंभराला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, सातला वेगळे. भाऊ दाजींनी या अंकांवर काम केले होते. भगवानलाल यांनी लेण्यांतील लेखांशी ताडून ते पुढे नेले आणि १८७७ मध्ये प्राचीन नागरी अंकांवरील त्यांचा निबंध ब्यूलर यांच्या टिपणीसह प्रसिद्ध झाला.

नाव, पित्याचे नाव, पदवी आणि वर्ष या चार गोष्टी हाती आल्या, की प्रत्येक नाणे वंशावळीतील एक दुवा ठरते. चेहरा तोच, डोंगर तोच, पण एकम स्थानचा आकडा वेगळा असेल तर एखाद्या राजाची कारकीर्द वर्षाने वाढते. पदवीत महा हे अक्षर आले, तर तो राजा त्या वर्षी सर्वाधिकारी झाला होता हे कळते. म्हणूनच कोणत्याही यादीत नसलेला प्रकार ओळखणे हा येथे केवळ संग्राहकाचा छंद राहत नाही.

याचा सर्वांत सुंदर दाखला मुंबईच्या वेशीवरच मिळाला. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल यांनी सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट खणला. आत स्तूप निघाला, दगडी पेटी निघाली, त्यात एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि त्यांच्यासोबत चांदीचे एक नाणे. ते गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे होते. सातवाहनांची नाणी म्हणजे शिसे, तांबे आणि पोटीन अशीच तोवरची ओळख. हे नाणे मात्र चांदीचे, क्षत्रपांच्या धाटणीचे आणि चक्क राजाचा मुखवटा असलेले. शत्रूच्या नाण्याचा घाट सातवाहनांनी आपलासा केला होता, हे त्यातून दिसले. त्याच सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. सोपाऱ्याचे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले.

लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पदवी नसलेल्या पंडिताच्या नावामागे डॉक्टर लागले, परंतु आयुष्य थोडे उरले होते. १६ मार्च १८८८ रोजी वाळकेश्वर येथे, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. क्षत्रपांवरील लेखन अपुरे होते. आपला नाणेसंग्रह आणि मथुरेत मिळवलेला सिंहस्तंभशीर्ष त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. मुंबईकराच्या मनाला ही गोष्ट आजही टोचते. परंतु त्या देणगीचे फळही नाकारता येत नाही. त्यांच्या टिपणांवरून एडवर्ड रॅप्सन यांनी १८९० मध्ये पश्चिमी क्षत्रपांवरील निबंध सिद्ध केला, आणि १९०८ मध्ये त्यांनीच आंध्र व क्षत्रप नाण्यांची सूची छापली. तिच्या क्षत्रप विभागाला भगवानलाल यांच्या संग्रहाचा मोठा आधार आहे. इतरांच्या यादीत नसलेली नाणी जमवणारा माणूस अशा रीतीने स्वतःच प्रमाणग्रंथाचा पाया झाला.

पण सूची म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. सारी नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाची नाणी तोवर दुर्मीळ होती. भगवानलाल हयात असते तर त्यांनी एकेक चेहरा निरखला असता. रॅप्सन यांच्या सूचीतही यशोदामन दुसरा याच्या शके २५४ च्या नाण्यानंतर तिसऱ्या रुद्रसेनाच्या शके २७० पर्यंत खंड आहे. त्या सोळा वर्षांतील एखादे वर्ष नीट वाचता येईल असे एक नाणे निघाले, तरी इतिहासाचे पान बदलेल.

म्हणून जुन्या नाण्यांच्या ढिगात एखादे सूचीशी न जुळणारे नाणे दिसले, तर ते घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कोठे मिळाले ते लिहून ठेवावे आणि चेहऱ्यामागचा आकडा भिंगातून पुन्हा एकदा पाहावा. घासण्यात नेमकी तीच रेघ जाते, जिच्यासाठी वाळकेश्वरच्या त्या पंडिताने आपली दृष्टी खर्ची घातली.