फ्रान्सिस अमासा वॉकर

फ्रान्सिस अमासा वॉकर (२ जुलै, १८४० – ५ जानेवारी, १८९७) हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, सेनाधिकारी व शिक्षणतज्ज्ञ होते. अमेरिकेच्या नवव्या (१८७०) आणि दहाव्या (१८८०) जनगणनेचे ते अधीक्षक होते. त्या काळी माणसांबरोबरच शेते, खाणी, कारखाने व कारागिरांच्या कार्यशाळा यांची मोजणीही याच मोहिमेत होत असे. आज आर्थिक गणना म्हणून वेगळे ओळखले जाणारे काम अमेरिकेत जनगणनेच्या पोटातच वाढले. व्यावसायिकाला त्याचा व्यवसाय कोणता हे कोणी विचारावे, कसे विचारावे आणि आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नांना शास्त्रीय शिस्त लावणाऱ्यांमध्ये वॉकर यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

पूर्वायुष्य

वॉकर यांचा जन्म बॉस्टन येथे झाला. त्यांचे वडील अमासा वॉकर हे अर्थशास्त्राचे अभ्यासक व राजकारणी होते. ॲमहर्स्ट महाविद्यालयातून १८६० मध्ये पदवी घेतल्यावर फ्रान्सिस यांनी वुस्टर येथे कायद्याचा अभ्यास सुरू केला. परंतु यादवी युद्धामुळे तो मागे पडला. १८६१ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सच्या १५व्या पायदळ पलटणीत दाखल झाले. १८६३ मधील चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत त्यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली. पुढच्या वर्षी रीम्स स्टेशन येथे ते शत्रूच्या हाती सापडले आणि रिचमंडच्या लिबी तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली. युद्ध संपल्यावर त्यांना ब्रिगेडियर जनरल हा मानद हुद्दा मिळाला. त्यांनी काही काळ लॅटिन व ग्रीक शिकवले, नंतर स्प्रिंगफील्ड येथील एका दैनिकाच्या संपादक वर्गात काम केले. १८६९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड वेल्स यांच्यामुळे ते वॉशिंग्टन येथील सरकारी सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले.

१८७० ची जनगणना

जनगणनेचे अधीक्षकपद मिळाले तेव्हा वॉकर तिशीचेही नव्हते. जेम्स गारफील्ड (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांनी जनगणनेसाठी नव्या कायद्याचा आग्रह धरला होता, पण सिनेटने तो अडवला. त्यामुळे सारे काम १८५० च्या जुन्या कायद्यानुसारच करावे लागले. या कायद्यानुसार मोजणी करणारी माणसे संघराज्याच्या न्यायालयांच्या मार्शलांनी नेमायची होती. त्यांच्या निवडीत अधीक्षकाला अधिकार नव्हता. अनेकांची नेमणूक राजकीय ओळखीवर झाली होती आणि त्यांना मोबदला नोंदीमागे मिळत असे. एकाच माणसाने घरोघरची माणसे, वर्षभरातील मृत्यू, शेते आणि कारखाने असे सर्व तक्ते भरायचे होते. शेतकऱ्याच्या घरी गायी मोजून आलेला हाच माणूस दुपारी लोखंडाच्या भट्टीच्या मालकाला कच्च्या मालाचे मूल्य विचारत असे.

उद्योगांच्या तक्त्यात मालकाचे किंवा कंपनीचे नाव, व्यवसायाचे अथवा उत्पादनाचे नाव, गुंतवलेले भांडवल, पाण्याची वा वाफेची शक्ती, यंत्रे, पुरुष, स्त्रिया व मुले मिळून कामगार, वर्षभरात दिलेली मजुरी, कारखाना किती महिने चालला, कच्चा माल आणि तयार माल हे रकाने होते. यांतील व्यवसायाच्या नावाचा रकाना दिसायला सर्वांत सोपा होता. प्रत्यक्षात तोच सर्वांत अवघड ठरत असे. एकाच पाणचक्कीवर लाकूड कापणारा आणि धान्य दळणारा मालक कोणत्या उद्योगात मोडतो? जोडे शिवणारा मोठा कारखाना व गावातला जोडे दुरुस्त करणारा मोची एकाच नावाखाली यावेत का? मालकाने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहिले, तर वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या कारकुनाला ते कोणत्या गटात घालावे याचा अंदाज बांधावा लागे.

वर्षाला ५०० डॉलरपेक्षा कमी किमतीचा माल काढणाऱ्या व्यवसायांची नोंद करायची नाही, अशी मर्यादा होती. ती १८५० मध्ये ठरली होती. युद्धकाळातील कागदी चलनामुळे किमती वाढल्यावर पूर्वी मर्यादेबाहेर राहिलेल्या अनेक लहान कार्यशाळा १८७० मध्ये आपोआप आत आल्या. नोंदलेल्या उद्योगांची संख्या १८६० मधील १,४०,४३३ वरून २,५२,१४८ वर गेली आणि उत्पादनाचे मूल्य सुमारे १८८.६ कोटी डॉलरवरून ४२३.२ कोटी डॉलरवर. देशाची प्रगती म्हणून हे आकडे मिरवण्याचा मोह साहजिक होता. त्यातील किती वाढ खरी आणि किती चलनाची व मोजणीची हे लक्षात घेतल्याशिवाय तुलना करू नये, असे वॉकर यांनी आपल्या अहवालातच बजावले.

भांडवलाच्या रकान्यावर तर ते अधिकच कठोर होते. उसने घेतलेला पैसा, भाड्याची जागा, उधारीवर घेतलेला माल यांपैकी भांडवल कशाला म्हणायचे हे खुद्द मालकालाही निश्चित माहीत नसे. त्यातच कर वाढण्याची किंवा सावकाराला सुगावा लागण्याची भीती होती. आलेले आकडे निरुपयोगी व दिशाभूल करणारे असून हा प्रश्नच काढून टाकावा, असे त्यांचे मत होते. घरोघर विचारलेल्या धंद्यांचे तक्ते उद्योगांच्या तक्त्यांशी ताडून पाहिल्यावर सुतार, लोहार, रंगारी अशा कारागिरांच्या कितीतरी कार्यशाळा नोंदीतून सुटल्याचेही त्यांनी दाखवून दिले. स्वतःच्याच खात्याच्या कामातील उणिवा सरकारी खर्चाने छापून जाहीर करणारा अधिकारी कोणत्याही काळात विरळाच.

दक्षिणेकडील राज्यांत नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांची संख्या कमी मोजली गेली, हा या जनगणनेतील सर्वांत गंभीर दोष होता. १८८० मध्ये साउथ कॅरोलिनाची लोकसंख्या संशय यावा इतकी वाढलेली दिसली, तेव्हा वॉकर यांनी हेन्री गॅनेट यांना तेथे चौकशीसाठी पाठवले. नवी मोजणी बरोबर असून जुनीच अपुरी होती, असे त्यातून निष्पन्न झाले.

१८७१ मध्ये जनगणनेचा निधी संपला. वॉकर यांना सरकारी सेवेत ठेवण्यासाठी मूलनिवासी जमातींच्या कारभाराचे आयुक्त नेमण्यात आले. जनगणनेचे उरलेले काम त्यांनी हे पद सांभाळूनच पुढे नेले. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेचा सांख्यिकीय नकाशासंग्रह हे त्याचे सर्वांत देखणे फळ होय.

१८८० ची जनगणना

१८७९ च्या नव्या कायद्यात वॉकर व गारफील्ड यांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. मार्शल गेले, त्यांच्या जागी स्वतंत्र पर्यवेक्षक आणि त्यांच्या हाताखाली प्रगणक आले. मिळालेली माहिती उघड न करण्याची शपथ प्रगणकांना घ्यावी लागे, तर माहिती नाकारणाऱ्या कंपनी अधिकाऱ्यांना दंडाची तरतूद होती. कारखानदाराच्या मनातील भीती व टाळाटाळ या दोन्हींचा विचार त्यात झाला होता.

उद्योगांच्या दृष्टीने मुख्य बदल निराळाच होता. मोठ्या शहरांतील कारखाने सामान्य प्रगणकांकडून काढून विशेष प्रतिनिधींकडे देण्यात आले आणि प्रमुख उद्योगांसाठी त्या त्या क्षेत्रातील जाणकार नेमले गेले. लोखंड व पोलाद जेम्स स्वँक यांच्याकडे, कापूस एडवर्ड ॲटकिन्सन यांच्याकडे, रेशीम विल्यम वायकॉफ यांच्याकडे, तर काच व कोक जोसेफ वीक्स यांच्याकडे होते. पिठाच्या गिरण्या, लाकूड कापण्याचे कारखाने, विटांच्या भट्ट्या, कागद, चामडे, जोडे, मांस अशा धंद्यांसाठी निरनिराळी प्रपत्रे छापण्यात आली. गिरणीवाल्याला जात्यांच्या जोड्या आणि वीटभट्टीवाल्याला विटांची संख्या विचारली, की उत्तर त्याच्या वहीत सापडत असे. व्यवसायाचे वर्गीकरण आता मालकाच्या एका शब्दावर सोडलेले राहिले नाही. प्रश्नच त्या धंद्याच्या भाषेत आला. या वेळी २,५३,८५२ उद्योग नोंदले गेले. संख्येत १८७० च्या मानाने फारसा फरक नव्हता, पण कामगारांची संख्या सुमारे २०.५ लाखांवरून २७.३ लाखांवर गेली होती.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. निष्कर्षांचे २२ खंड झाले, निधी पुन्हा संपला आणि प्रकाशन अनेक वर्षे रेंगाळले. या कामावर असलेल्या तरुणांपैकी एक म्हणजे हर्मन हॉलरिथ. कारखान्यांतील वाफेच्या व पाण्याच्या शक्तीची आकडेवारी त्यांनी हाताळली होती. आकडे हाताने जुळवण्यातील वेळखाऊपणा त्यांनी येथे जवळून पाहिला. पुढे त्यांनी तयार केलेली छिद्रित पत्त्यांची यंत्रे १८९० च्या जनगणनेत वापरली गेली.

अर्थशास्त्र आणि शिक्षणकार्य

वॉकर १८७३ पासून येल येथील शेफील्ड वैज्ञानिक विद्यालयात प्राध्यापक होते. मजुरी ही आधीच साठवलेल्या ठरावीक निधीतून दिली जाते, या तत्कालीन सिद्धान्ताचे खंडन करणारा ‘द वेजेस क्वेश्चन’ हा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर १८८१ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यांच्या कारकिर्दीत तेथील विद्यार्थी ३०२ वरून ११९८ वर गेले. पुढच्याच वर्षी हॉलरिथ यांना त्यांनी या संस्थेत अध्यापनासाठी बोलावून घेतले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

उत्तरायुष्यात त्यांनी दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांच्या स्थलांतरावर निर्बंध घालण्याचा जोरदार पुरस्कार केला. बाहेरून आलेल्यांमुळे मूळ अमेरिकन कुटुंबांतील जन्मप्रमाण घटले, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्यासाठी त्यांनी जनगणनेच्याच आकड्यांचा आधार घेतला. कारखान्यांच्या आकड्यांबाबत जी सावधगिरी त्यांनी आयुष्यभर शिकवली, ती येथे दिसत नाही. या लेखनातील वांशिक पूर्वग्रहावर नंतरच्या अभ्यासकांनी कठोर टीका केली आहे.

मृत्यू आणि नंतर

बॉस्टन येथे वयाच्या ५६व्या वर्षी वॉकर यांचे निधन झाले. दर दहा वर्षांनी नव्याने उभे राहून मोडणारे जनगणना कार्यालय कायमस्वरूपी असावे, हा त्यांचा आग्रह १९०२ मध्ये प्रत्यक्षात आला. १९०५ च्या उद्योगगणनेपासून हातकामाचे लहान धंदे कारखान्यांच्या मोजणीतून वेगळे काढण्यात आले. भांडवलाचा प्रश्न मात्र त्यांच्या शिफारशीनंतरही कित्येक दशके तक्त्यात टिकून होता. १९१९ नंतर तो वगळण्यात आला.