विश्वासाचे भांडवल : धनंजयराव गाडगीळ

परप्रांतात नव्याने आलेल्या माणसाला राहण्याची जागा आणि नोकरीची वार्ता बहुधा ओळखीतूनच मिळते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तो अनुभव आम्हा सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणूनच अशा ऋणानुबंधांतून आर्थिक उन्नती कशी साधावी, याचे आयुष्यभर चिंतन करणाऱ्या प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे पुण्यस्मरण आम्ही येथे करीत आहोत.

धनंजयरावांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. बालपण नागपुरात व उच्च शिक्षण केंब्रिज येथे झाल्यावर, १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. ग्रंथांइतकाच त्यांचा भर प्रत्यक्ष पाहणीवर होता. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीचे ते सदस्य होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा जेमतेम ३ टक्के आहे, हे कटू सत्य त्या पाहणीने १९५४ साली देशापुढे मांडले. सावकारही ओळखीवरच कर्ज देई. परंतु त्या ओळखीत बरोबरी नव्हती.

बरोबरीच्या नात्याचा प्रयोग तोवर नगर जिल्ह्यातील लोणी येथे उभा राहिला होता. तेथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या शब्दावर शेतकऱ्यांनी भागभांडवल दिले. धनंजयरावांच्या शब्दाला राज्यकर्त्यांत वजन होते आणि मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा लाभला. १९५० साली प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरू लागली. पुण्याचा हा प्राध्यापक त्याचा पहिला अध्यक्ष होता. गावचा विश्वास आणि बाहेरची विद्या एकत्र आली, तेव्हाच भांडवल उभे राहिले.

आपल्या व्यापाराचा इतिहास अभ्यासणाऱ्या धनंजयरावांना जातिबांधवांच्या आधाराचे सामर्थ्य ठाऊक होते. पण जातीचे दार परक्याला बंद असते. सहकाराचे दार, निदान तत्त्वतः, सर्वांना उघडे असते. पुढे साखरेच्या सहकारातही सत्ता मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटली, हेही आम्ही विसरू नये.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचे साहाय्य मर्जीनुसार नव्हे, तर मुख्यतः लोकसंख्येच्या आधारे मिळावे, हे त्यांचे सूत्र १९६९ साली स्वीकारले गेले. मे १९७१ मध्ये दिल्लीहून पुण्यास परतताना आगगाडीतच त्यांचे देहावसान झाले.

आमच्या मंडळाने एकमेकांना हात दिला, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तो हात शेजारच्या अनोळखी माणसापर्यंतही पोहोचावा, हीच धनंजयरावांना आमची आदरांजली.