पालवणकर बाळू : खेळातून उभा राहिलेला स्वाभिमान

भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळाची कथा बहुधा राजेरजवाड्यांच्या नावांनी सांगितली जाते. रणजितसिंहजींच्या नावाने भरणारी स्पर्धा आजही आपण पाहतो. त्याच काळात चर्मकार समाजात जन्मलेल्या एका डावखुऱ्या गोलंदाजाने इंग्लंडच्या भूमीवर एकाच दौऱ्यात ११४ बळी घेतले. ही गोष्ट मात्र आपल्या घरांतही फारशी सांगितली जात नाही. पालवणकर बाळू, म्हणजेच क्रिकेटच्या नोंदींतील पी. बाळू, यांचे जीवन आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत नोंदवावे असे वाटते. खेळ समाजाला काय देतो आणि काय देऊ शकत नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यांच्या जीवनात आहे.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातले. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव आले. वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे कुटुंब पुण्यात राहिले. छावणीतील अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. शाळेचे शिक्षण फार पुढे जाऊ शकले नाही. पुण्यातील पारशी क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये होता. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले, तेथे ४ रुपये मिळू लागले.

जाळे बांधणे, खेळपट्टी तयार करणे यांबरोबरच साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हेही तेथील त्यांच्या कामात होते. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातील नामांकित फलंदाज. ते रोज बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि बाद झाल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंनी संथ फिरकी, उडी आणि दिशा यांवर विलक्षण हुकूमत मिळवली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना दिली जात नसे. बॅट हाती घेणे हा मालकांचा अधिकार होता आणि चेंडू टाकणे ही चाकरी होती. त्या चाकरीचेच बाळूंनी विद्येत रूपांतर केले.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही तेलुगू खेळाडू अनुकूल होते, काही ब्राह्मण खेळाडू विरोधात होते. अखेर विजयाची गरज सोवळ्याहून मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. पण चहापानाची वेळ झाली की सहकारी तंबूत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, मेजही वेगळे. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास अस्पृश्य मानलेल्याच एखाद्या नोकराने ते आणून द्यायचे. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी एका जाहीर प्रसंगी या खेळाडूंना सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात अडचण कसली?

प्लेगच्या काळात पालवणकर कुटुंब मुंबईस आले. बाळूंनी पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी धरली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि शिवरामही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तोवर मुंबईच्या जिमखान्यात बाळू सहकाऱ्यांच्या पंक्तीत जेवू लागले होते. पुण्याच्या तंबूबाहेरील मातीच्या भांड्यापासून येथपर्यंतचे अंतर त्यांनी चेंडूच्या बळावर कापले होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले, पण बाळूंनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. ते परतले तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारातील मानपत्र भीमराव रामजी आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असा उल्लेख आढळतो. समाजाजवळ तेव्हा पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते आणि सत्तेत स्थान नव्हते. अशा वेळी आपल्यातला एक माणूस सर्वश्रेष्ठांच्या पंक्तीत उभा आहे, ही जाणीव चाळीचाळींत पोहोचली. ज्यांना रस्त्याच्या कडेने चालण्याची सवय लावली गेली होती, त्यांची मान या माणसाने ताठ केली.

कर्तृत्व मान्य झाले तरी नेतृत्व मान्य झाले नाही. १९१० नंतर हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी बाळूंचे नाव पुनःपुन्हा पुढे आले आणि प्रत्येक वेळी मागे सारले गेले. १९२० च्या चौरंगी सामन्यांत तर प्रथम त्यांना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद त्यांच्या बंधूंनाही नाकारले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. त्यांना जनतेचा पाठिंबा मिळाला. पुढील सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर गेल्याने त्यांना संघाचे नेतृत्व करता आले. मिळाली ती एवढीच संधी. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याने मिळवले. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाळूंच्या जीवनाचा उत्तरार्ध आपल्याला अवघड वाटणारा आहे, म्हणून तो झाकून ठेवणे योग्य नाही. राजकारणात त्यांचा आणि डॉ. बाबासाहेबांचा मार्ग वेगळा झाला. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या भूमिकेविरुद्ध होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. धर्मांतराच्या घोषणेलाही ते अनुकूल नव्हते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. अस्पृश्यांचा वंदनीय खेळाडू अस्पृश्यांच्याच नेत्यासमोर उभा करण्यामागील डाव उघड होता.

बाळूंनी असे का केले असावे? ज्या हिंदू जिमखान्याने त्यांना दशकभर कर्णधारपद नाकारले, त्याच जिमखान्याच्या पंक्तीत त्यांना अखेर स्थान मिळाले होते. गुण सिद्ध केले की दारे हळूहळू उघडतात, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. बाबासाहेबांचा अनुभव आणि अभ्यास वेगळे सांगत होते. एका गुणवंतासाठी दार उघडल्याने समाजासाठी पाणवठा खुला होत नाही. बाळू मुंबईत सन्मानाने जेवत होते, तेव्हाही आपल्याच जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, महाडचे चवदार तळे आपल्या पूर्वजांना बंद होते. ते पाणी २० मार्च १९२७ रोजी हजारोंच्या सामुदायिक कृतीने स्पर्शिले गेले. बळींची कितीही मोठी संख्या ते काम करू शकली नसती. या वादात इतिहासाने बाबासाहेबांची बाजू खरी ठरवली, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यामुळे बाळूंच्या घामाचे मोल उणे होत नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की समाजाच्या स्वास्थ्यात खेळाचे आणि कलेचे स्थान नेमके कळते. खेळ शरीराला बळ देतो, मनाला शिस्त लावतो आणि हिणवल्या गेलेल्या माणसाला स्वतःची किंमत दाखवतो. मात्र मैदान दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर कोण खेळणार, कोण कर्णधार होणार आणि कोण कोठे चहा पिणार हेही तोच ठरवतो. बाळूंजवळ चेंडू होता, मैदान नव्हते. त्यांच्याच उत्तरायुष्यात भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. वस्तीतील अंगण हाच त्यांचा रंगमंच होता, डफ-ढोलकी आपली आणि श्रोतेही आपलेच होते. त्या मंचावर प्रवेशासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून जलशाने करमणुकीबरोबर विचार दिला आणि थकलेल्या कामकऱ्याला संघटनेत आणले.

आपल्या विद्यालयात मैदान आहे, रंगमंच आहे, आणि मुले-मुली एकाच पंक्तीत जेवतात व एकाच माठातले पाणी पितात. काशीदच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या वाळूवर चेंडू खेळणाऱ्या मुलाला आज कोणी जात विचारत नसेल, तर त्यामागे बाळूंचे कौशल्य आणि महाडचा सत्याग्रह ही दोन्ही आहेत. पालकांना विनंती एवढीच, की परीक्षेच्या चिंतेने मुलांचा खेळाचा तास आणि गाण्याचा तास कापू नये. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना पुस्तकांबरोबर चेंडू, बॅट, हार्मोनियम आणि ढोलकी यांचाही विचार करावा. ही साधने आपल्या मालकीची असणे याला अर्थ आहे.

जुलै १९५५ मध्ये पालवणकर बाळू यांचे मुंबईत निधन झाले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर सव्वा वर्षाने झाली. मैदान झाडण्यापासून सुरुवात करून त्याच खेळाच्या शिखरावर पोहोचलेल्या या कोकणपुत्रास, मतभेदांच्या पूर्ण जाणिवेसह, विनम्र अभिवादन.